कार्डाचं देणं आधी, बोनस नंतर: बॅलन्स ट्रान्सफर आणि नवीन कार्ड घेण्याचा नीट क्रम

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात पगारदार माणसाच्या पाकिटात आता दोन-तीन क्रेडिट कार्डं सहज निघतात. कार्ड असण्यात काही वावगं नाही. घोटाळा होतो तो क्रमात. माणूस एकाच महिन्यात स्वागताच्या बोनससाठी (नवं कार्ड घेतल्यावर मिळणारे पॉइंट किंवा व्हाउचर) नवीन कार्ड घेतो, जुन्या कार्डाची थकबाकी त्यावर टाकतो, जुनं कार्ड रागाच्या भरात बंद करतो आणि पुढच्या महिन्यात फ्लॅटच्या कर्जाची फाइल घेऊन बँकेत जातो. यातलं प्रत्येक काम वेगवेगळं, योग्य वेळी केलं तर चालतं. चारही एकदम केली की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण, घसरतो आणि बँकेतला माणूस "साहेब, सहा महिन्यांनी या" म्हणतो.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. कार्डावर एक रुपयाचीही थकबाकी नसेल, दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल, तर टप्पा 2 वाचून थेट टप्पा 8 वर जा.

## टप्पा 1: वहीत खरा आकडा मांडा

प्रत्येक कार्डाचं ताजं बिल डाउनलोड करा. मोबाइलवर आलेला मेसेज पुरत नाही. वहीच्या एका पानावर प्रत्येक कार्डासाठी एवढं लिहा: मर्यादा, एकूण थकबाकी, किमान भरायची रक्कम, बिल निघण्याची तारीख, भरण्याची शेवटची तारीख, महिन्याचा व्याजदर, वार्षिक फी लागण्याचा महिना. कार्डावर मोबाइल, फ्रिज असं काही हप्त्यावर घेतलं असेल तर उरलेले हप्तेही लिहा. ते 'एकूण देय' रकमेत पूर्ण दिसत नाहीत, पण मर्यादा मात्र अडवून बसलेले असतात.

व्याजदर बिलाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. बहुतेक कार्डांना तो महिन्याला 3 ते 4 टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे वर्षाला साधारण 36 ते 48 टक्के पडतो. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

उदाहरण धरू. थकबाकी 80,000 रुपये, दर महिन्याला 3.5 टक्के. महिन्याचं व्याज 2,800, त्यावर जीएसटी 504, मिळून 3,304 रुपये. बँकेने किमान रक्कम 5 टक्के धरली तर ती होते 4,000. तुम्ही 4,000 भरले, त्यातले 3,304 व्याज-जीएसटीत गेले आणि मुद्दल उतरली फक्त 696 रुपयांनी. वर्षभर असं "वेळेवर" भरणारी माणसं आहेत. त्यांच्या अहवालात उशीर दिसत नाही, खिसा मात्र पार रिकामा होतो.

सावधान: पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते. मग उरलेल्या रकमेवर तर व्याज लागतंच, शिवाय नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून लागतं. थकबाकी असलेल्या कार्डावर पेट्रोल भरणं म्हणजे व्याजाने पेट्रोल घेणं.

## टप्पा 2: अर्जाआधी चारही क्रेडिट अहवाल काढा

भारतात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजून अनेकांच्या डोक्यात आहे, ती काढून टाका.

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. पण आकडा बघून अहवाल मिटवू नका, आतली पानं वाचा:

- जामीनदारी. आपल्याकडे भावकीत, मित्रमंडळींत सही करून जामीन राहण्याची पद्धत आहे. बँकेच्या कर्जाला तुम्ही जामीनदार असाल तर ते खातं तुमच्या अहवालातही येऊ शकतं. मालकीच्या रकान्यात तुमचं नाव 'गॅरंटर' म्हणून असतं. चुलतभावाने ट्रॅक्टरचे हप्ते थकवले असतील तर तुम्हाला ते इथेच पहिल्यांदा कळेल.
- सहकारी बँकेचं कर्ज. "नागरी बँकेचं कर्ज सिबिलला कुठं कळतंय" हा समज खोटा आहे. नागरी सहकारी बँकांनाही माहिती पाठवावी लागते.
- हप्त्यांचा इतिहास. महिन्यावार चौकटी असतात. 000 म्हणजे वेळेवर. 30, 60, 90 असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर.
- कार्डाची मर्यादा. हा रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल तर तुमचा वापर, म्हणजे मर्यादेच्या किती टक्के देणं आहे ते, आहे त्यापेक्षा जास्त भासतो.
- 'सेटल्ड' शेरा. जुनं कार्ड तडजोडीत मिटवलं असेल तर 'क्लोज्ड'ऐवजी हा शेरा दिसतो. कर्ज देणारा तो बघूनच कपाळाला आठ्या घालतो.

चूक सापडली तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही ईमेल करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. म्हणूनच हे काम अर्जाच्या आधी महिनाभर करायचं.

तपासणी: चूक दुरुस्त झालेला अहवाल हातात आल्याशिवाय टप्पा 5 कडे जायचं नाही.

## टप्पा 3: थकबाकीचं कार्ड गोठवा

सगळ्यात कंटाळवाणा, पण टाळता न येणारा टप्पा. कार्ड कपाटात ठेवून भागत नाही. शॉपिंग आणि जेवणाच्या ॲपवर जतन केलेला कार्ड नंबर काढा. विजेचं बिल, मोबाइल, सिनेमाची वर्गणी, विम्याचा हप्ता यापैकी जे आपोआप कापलं जातं ते बँक खात्यावर वळवा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही सोडवा, नाहीतर चहा-वडापावपासून सगळं नकळत उधारीवर जातं. बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन आणि दुकानातले दोन्ही व्यवहार बंद करता येतात. ते बटण बंद करा.

## टप्पा 4: ट्रान्सफर परवडतं का, ते मांडून बघा

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे एका बँकेच्या कार्डाचं देणं दुसऱ्या बँकेच्या कार्डावर कमी दराने नेणं. एकाच बँकेच्या दोन कार्डांत हे होत नाही. नवी बँक साधारण 3 ते 12 महिने कमी दर देते आणि सुरुवातीला प्रक्रिया शुल्क घेते.

वरचेच 80,000 धरा. नव्या बँकेने महिन्याला 1 टक्का घटत्या शिल्लकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच), 6 महिने, शुल्क 2 टक्के सांगितलं:

- प्रक्रिया शुल्क 1,600 + जीएसटी 288 = 1,888
- महिन्याचा हप्ता साधारण 13,804, सहा महिन्यांचं व्याज सुमारे 2,823, त्यावर जीएसटी सुमारे 508
- एकूण खर्च साधारण 5,220 रुपये

तेच पैसे जुन्या कार्डावर 3.5 टक्क्यांनी सहा समान हप्त्यांत फेडले तर व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे 11,900 रुपये जातात. साडेसहा हजारांवर वाचतात. करावं.

आता तोच 1 टक्का 'फ्लॅट' असेल तर? फ्लॅट म्हणजे मुद्दल कितीही उतरली तरी व्याज सुरुवातीच्या 80,000 वरच. सहा महिन्यांचं व्याज 4,800 होतं. 2,823 नव्हे. फोनवरची मुलगी "फक्त एक टक्का सर" म्हणेल. खोटं ती बोलत नसते, तुम्ही पुढचा प्रश्न विचारलेला नसतो.

विचारायचे प्रश्न, आणि उत्तर ईमेलवरच मागायचं:

1. दर फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर?
2. शुल्क किती टक्के, आणि कमीत कमी किती रुपये? थकबाकी पंधरा-वीस हजार असेल तर हे 'कमीत कमी'च सगळी बचत खाऊन टाकतं.
3. मुदतीआधी फेडलं तर दंड किती?
4. ट्रान्सफर चालू असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतील का?
5. मर्यादेच्या किती टक्के रक्कम आणता येईल? बऱ्याच ठिकाणी पूर्ण मर्यादेइतकी आणता येत नाही.

ट्रान्सफर हा एकच मार्ग नाही, तेव्हा अर्ज करण्याआधी घरात बघा. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच महाग असतं. सोनेतारण कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बाजारपेठेत सोनं लगेच तारण होतं, सोडवायला मात्र माणूस विसरतो, तेवढं सांभाळा. जिल्हा परिषदेत, शाळेत किंवा कारखान्यात असाल तर पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं कर्ज पगारातूनच कापलं जातं. हात आखडता राहत नसलेल्या माणसाला मी ट्रान्सफरपेक्षा हेच सुचवेन, कारण त्यात रिकामं झालेलं कार्ड आणि नवं कार्ड अशी दोन प्रलोभनं एकाच वेळी हातात येत नाहीत.

सावधान: ठरलेल्या मुदतीत फेडण्याइतके पैसे महिन्याला उरत नसतील तर ट्रान्सफर करू नका. मुदत संपली की तिसऱ्या कार्डावर, मग चौथ्यावर, अशी याची टोपी त्याला घालत गेलं की प्रत्येक फेरीत शुल्क जातं आणि मुद्दल तिथेच राहते.

## टप्पा 5: अर्ज एकच करा

तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा अहवाल मागवते. ती चौकशी अहवालात नोंदली जाते आणि स्कोअर थोडा उतरतो. एका चौकशीने आभाळ कोसळत नाही. महिन्यात चार-पाच झाल्या की मात्र "हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय" असं चित्र तयार होतं.

पगार जमा होतो त्या बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा. तिथे आधीच मंजूर ऑफर असेल तर नकार येण्याची शक्यता कमी.

मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेल्या एजंटाकडे अर्ज देत असाल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: तो किती बँकांचे फॉर्म भरतोय. "एक लागलं नाही तर दुसरं लागेल, दादा" म्हणत तो तुमच्या मोबाइलवर एकामागून एक ओटीपी मागतो. चौकशीला संमती प्रत्येक ओटीपीने दिली जाते. पहिल्या ओटीपीनंतर मोबाइल खिशात घालायचा.

कागदपत्रांत अडतं ते नावात आणि पत्त्यात. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे, आधारवर नाही. आधारवर पत्ता तासगाव तालुक्यातल्या गावचा आणि राहायला विश्रामबागेत भाड्याने. हे आधीच जुळवा. पडताळणीचा माणूस गावी जाऊन "इथं राहत नाहीत" असं लिहून आला की अर्ज फेटाळला जातो आणि चौकशीची नोंद मात्र राहते.

नकार आला तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेत धावू नका. कारण विचारा, अहवाल पुन्हा बघा, तीन ते सहा महिने थांबा. तोवर त्याच जुन्या कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. बहुतेक बँका ती सोय नेहमीच्या दरापेक्षा कमी दराने देतात आणि त्यासाठी नव्या कार्डाची गरज पडत नाही.

सावधान: "तुमचं ट्रान्सफर मंजूर झालंय, ही फाइल डाउनलोड करा" असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर ती फाइल उघडू नका. बँकांची संकेतस्थळं आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात, तेवढं बघून घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करा.

## टप्पा 6: ट्रान्सफरचे दिवस

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून एकेक पायरी.

1. जुन्या कार्डाचं बिल निघाल्यानंतर विनंती टाका. आकडा ताजा मिळतो आणि शेवटची तारीख अजून लांब असते.
2. विनंतीत जुन्या कार्डाचा नंबर दोनदा तपासा. नवी बँक पैसे सहसा थेट त्या कार्ड खात्यावर पाठवते. काही वेळा जुन्या कार्डाच्या नावाचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) हाती देतात; तो दिला तर त्याच दिवशी जमा करा.
3. पैसे पोहोचायला काही कामकाजाचे दिवस लागतात. मध्ये शनिवार-रविवार, सण आला की आणखी लांबतं. या काळात जुन्या कार्डाचा मालक तुम्हीच असता. शेवटची तारीख आली आणि पैसे पोहोचले नसतील तर किमान रक्कम स्वतः भरा. "ट्रान्सफर टाकलंय की" हे कारण अहवालात छापून येत नाही, उशीर येतो.
4. दोन्हीकडून पैसे गेले तर घाबरू नका. जुन्या कार्डावर तुमची जादा रक्कम जमा दिसेल. ती परत मागता येते.
5. जुन्या कार्डाचं पुढचं बिल येईपर्यंत थांबा. मागचं बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्या बिलात येतं. हजार-दोन हजारांची ही शेपटी राहते आणि लोक "कार्ड शून्य झालं" म्हणून बिल उघडतही नाहीत. मग त्या किरकोळ रकमेवर उशिराचा आकार, जीएसटी आणि अहवालात डाग.
6. ती शेपटी पूर्ण भरा आणि त्यापुढचंही एक बिल बघा. लागोपाठ दोन बिलं शून्य आली की जुनं कार्ड खरोखर मोकळं झालं.
7. नव्या कार्डाच्या पहिल्या बिलात ट्रान्सफरची रक्कम, दर, महिने आणि शुल्क कबूल केल्याप्रमाणे आहे का, ईमेलशी ताडून बघा.

तपासणी: जुन्या कार्डाची दोन शून्य बिलं आणि नव्या कार्डाचं पहिलं बरोबर बिल. ही तीन बिलं एका फोल्डरमध्ये ठेवा.

## टप्पा 7: हप्ते चालू असताना

ट्रान्सफरचा हप्ता किमान रकमेत पूर्ण धरला जातो. तो चुकला तर काही बँका सवलतीचा दर काढून घेतात. बँक खात्यातून 'पूर्ण रक्कम' आपोआप जाईल अशी सूचना लावा. अर्जात तिथे बहुतेक वेळा 'किमान रक्कम'वर खूण केलेली असते. नवं कार्ड या काळात खरेदीला वापरू नका.

तारीख आपल्या आमदनीशी जुळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बिलाची तारीख निदान एकदा तरी बदलून मागता येते. पगार 5 ते 7 तारखेला होत असेल आणि पैसे भरायची शेवटची तारीख 2 असेल तर दर महिन्याला ओढाताण ठरलेली. ज्यांचं घर उसाच्या बिलावर किंवा हळद-बेदाण्याच्या सौद्यावर चालतं त्यांना तारीख बदलून फार उपयोग नाही. कारखान्याचं बिल कधी पडेल ते कारखान्यालाच ठाऊक. त्यांनी सौद्याचे पैसे आले की पुढच्या हप्त्यांचे वेगळ्या खात्यात काढून ठेवावेत, नाहीतर ट्रान्सफरच्या फंदात पडू नये.

एखादा दिवस चुकला तर लगेच भरा. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक उशिराचा आकार लावू शकते आणि थकीत म्हणून कळवू शकते. पण दुसऱ्या ॲपवरून भरलेले पैसे जमा व्हायलाच वेळ लागतो, तेव्हा त्या तीन दिवसांवर संसार मांडू नका.

स्कोअर लगेच उसळी मारत नाही. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. तरी रोज ॲप उघडून स्कोअर बघण्यात अर्थ नाही.

### जुनं कार्ड बंद करायचं का?

बहुतेक वेळा नाही, निदान हप्ते संपेपर्यंत तरी नाही. हिशेब असा. जुन्या कार्डाची मर्यादा 1,00,000, त्यावर 80,000 थकबाकी, म्हणजे 80 टक्के वापर. नव्या कार्डाची मर्यादा 1,20,000. ट्रान्सफरनंतर दोन्ही कार्डं मिळून मर्यादा 2,20,000, देणं 80,000, वापर 36 टक्के. जुनं बंद केलं की मर्यादा उरली 1,20,000 आणि वापर एकदम 67 टक्के. देणं तेच, चित्र वेगळं. साधारण 30 टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं मानतात.

शिवाय सर्वात जुनं कार्ड तुमच्या व्यवहाराचं वय सांगतं. वार्षिक फी नसेल तर ते ठेवा आणि चार-सहा महिन्यांतून एखादी किरकोळ खरेदी करून लगेच फेडा. वर्षभर अजिबात न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करू शकते.

ज्यांना कार्ड समोर दिसलं की राहवत नाही त्यांनी मात्र स्कोअरचा विचार न करता बंद करावं. 36 टक्के की 67 टक्के हे शिस्त असलेल्या माणसाचे प्रश्न आहेत.

## टप्पा 8: आता बोनसचं कार्ड

नवीन कार्ड घ्यायचं, स्वागताचा बोनस मिळवायचा, वर्ष संपता संपता बंद करायचं आणि पुढचं घ्यायचं. हे कायद्याने चूक नाही. पण यासाठी दोन अटी: कुठल्याच कार्डावर थकबाकी नसावी आणि पुढच्या वर्षभरात मोठं कर्ज काढायचं नसावं. 42 टक्के व्याज भरणाऱ्याने दोन हजारांच्या व्हाउचरमागे लागणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

आधी बोनसची खरी किंमत काढा. समजा फी 2,500, जीएसटी 450, मिळून 2,950. बोनस 10,000 पॉइंट. बिलातून वजा करायला पॉइंटमागे 25 पैसे मिळत असतील तर हाती आले 2,500, म्हणजे 450 चा तोटा. तेच पॉइंट व्हाउचरला 50 पैशांनी जात असतील तर 5,000, आणि तेही ते व्हाउचर तुम्ही एरवी घेणार असाल तरच. विमानतळावरचा लाउंज तर सांगलीकराने हिशेबात धरूच नये; विमानाला आपल्याला आधी कोल्हापूर नाहीतर पुणे गाठावं लागतं.

मग खर्चाची अट वाचा. "90 दिवसांत 60,000 खर्च" असं असेल तर कशाचा खर्च धरला जात नाही ती यादी शोधा. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, हप्त्यावरची खरेदी हे बऱ्याचदा वगळलेलं असतं. वर्षभराचं धान्य-मसाला भरणं, मुलांची शाळेची फी, दिवाळीची कपडेखरेदी असे होणारच असलेले खर्च त्या 90 दिवसांत येतील अशा बेताने अर्ज करा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयने दुकानाच्या क्यूआरवर चालतं, पण एखाद्या माणसाच्या वैयक्तिक क्यूआरवर चालत नाही. बाजारातल्या अनेक छोट्या दुकानांत क्यूआर वैयक्तिकच असतो, तेव्हा आधी विचारा. आणि दुकानदार कार्डाला दोन टक्के जादा मागत असेल तर रोख द्या. बोनस तिथेच वितळतो.

दोन अर्जांत निदान सहा महिने ठेवा. आधीच ग्राहक असलेल्याला किंवा नुकतंच कार्ड बंद केलेल्याला अनेक बँका पुन्हा बोनस देत नाहीत, तीही अट बघा.

बंद करताना क्रम असा: फी लागण्याच्या महिनाभर आधी आठवण लावा, पॉइंट आधी वापरा, आपोआप कापले जाणारे व्यवहार हलवा, बिल शून्य करा, मग लेखी विनंती द्या. देणं नसेल तर बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला देणं लागतं. 'देणं बाकी नाही' असं पत्र घ्या आणि दोन महिन्यांनी अहवालात 'क्लोज्ड' आलंय का बघा.

सावधान: "दोन टक्के द्या, मशिनीवर घासून रोख देतो" म्हणणारा दुकानदार प्रत्येक पेठेत सापडतो. खर्चाची अट पूर्ण करायला किंवा एका कार्डाचं बिल दुसऱ्याने भरायला लोक त्याच्याकडे जातात. खरेदी नसताना केलेला हा व्यवहार कार्डाच्या अटींविरुद्ध आहे. बँक पॉइंट काढून घेते, कार्डही बंद करते. आणि एका आर्थिक वर्षात कार्डांची बिलं 10 लाखांपर्यंत गेली, किंवा रोखीने 1 लाखापर्यंत भरली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. पगार 6 लाख आणि कार्डाची बिलं 12 लाख, याचं उत्तर द्यायची तयारी आहे का?

## टप्पा 9: गृहकर्ज डोळ्यासमोर असेल तर

फाइल देण्याच्या आधीचं वर्षभर बोनसचं काम पूर्ण बंद. शेवटचे सहा महिने नवीन अर्ज नाही, ट्रान्सफर नाही, कार्ड बंद करणं नाही. काही बँका पात्रता काढताना कार्डावरच्या थकबाकीच्या 5 टक्के रक्कम तुमचा महिन्याचा हप्ता म्हणून धरतात. 80,000 थकबाकी असेल तर 4,000 चा हप्ता आधीच चालू आहे असं समजून तुमचं कर्ज तेवढं कमी बसतं.

शेवटचे दोन-तीन महिने कार्डाचं बिल निघण्याच्या आधीच बहुतेक रक्कम भरून टाका. अहवालात साधारणपणे त्या वेळची थकबाकी जाते, नंतर पूर्ण भरली तरी.

## गाडी रुळावरून घसरलीच तर

हप्ते झेपेनासे झाले तर बँकेला आधी लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. वसुलीचे एजंट सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत. केले तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे तक्रार करा. 'इतके भरा, बाकी माफ' असा प्रस्ताव आला तर 'सेटल्ड' शेऱ्याची किंमत लक्षात ठेवूनच हो म्हणा. घरातून, ठेवीतून, पतसंस्थेतून पूर्ण रक्कम उभी राहत असेल तर तीच भरा आणि 'क्लोज्ड' लिहून घ्या.

बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. 14448 वर माहिती मिळते. तक्रारीसोबत टप्पा 6 मधल्या फोल्डरातली तीन बिलं आणि बँकेचा दराचा ईमेल जोडा.